एक खून, वीस दिवस

डेन्मार्क-स्वीडनच्या गुन्हेमालिकांनी जगाला एवढं वेड का लावलं, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. थंडी, अंधार, भरून आलेलं आभाळ ही नेहमीची उत्तरं मला अपुरी वाटतात. खरं कारण कळतं ते २००७ च्या 'फोरब्रूडेल्सन' म्हणजेच 'द किलिंग' या डॅनिश मालिकेत.

गुन्ह्याच्या तपासातून समाजाची झडती घेण्याची वाट माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्यांतून पाडली होती. डेन्मार्कच्या 'डीआर' या सार्वजनिक वाहिनीने पुढे दोन नियम पाळले: मालिकेत शब्द लेखकाचा चालणार आणि करमणुकीच्या पोटात समाजाचा एखादा प्रश्न असणारच.

'डीआर'साठी 'द किलिंग' लिहिणाऱ्या सोरेन स्वाइस्ट्रुपने या मोकळिकीचं सोनं केलं. नाना नावाच्या मुलीचा खून होतो. पहिल्या पर्वाचे भाग वीस, आणि प्रत्येक भागात तपासाचा एकच दिवस. पोलीस, महापौरपदाची निवडणूक आणि नानाचं घर असे तीन धागे एकमेकांत गुंतत जातात. सारा लुंड ही तपास अधिकारी (सोफी ग्रोबोलने ती अफाट केली आहे) स्वीडनला राहायला निघालेली असते, पण तिचं जाणं लांबतच राहतं. खुनी कोण, हे चित्रीकरणाच्या वेळी नटांनाही ठाऊक नव्हतं.

मला मात्र नानाच्या आईवडिलांनी धरून ठेवलं. इतर रहस्यकथांत प्रेत सापडलं की त्याचं कोडं होतं आणि घरच्यांना एका रडण्यापुरती जागा मिळते. इथे पेर्निल आणि थाइस यांना धाकट्या मुलांना सांभाळायचं असतं, सामान हलवण्याचा धंदा चालवायचा असतो आणि रोज कुणावर तरी नवा संशय घ्यायचा असतो. दुःखाला एवढा वेळ देणारी दुसरी गुन्हेमालिका मी पाहिलेली नाही.

काळजी आहे ती या वेळाचीच; तो द्यायला पैसा लागतो. २०१८ मध्ये डॅनिश सरकारने 'डीआर'च्या निधीत वीस टक्के कपात ठरवली. स्वाइस्ट्रुपच्याच कादंबरीवरची 'द चेस्टनट मॅन' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, ती सहा भागांची. ती चांगली बांधलेली आहे, पण शोक करायला तिच्यात फार थोडी जागा उरते. अमेरिकेने 'द किलिंग'ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा पहिलं पर्व खुनी न सांगताच संपवलं. प्रेक्षक चिडले, ते योग्यच होतं.

म्हणून बघायची तर मूळ डॅनिश मालिकाच बघा, उपशीर्षकं वाचत, आणि दिवसाला एकच भाग.