पावती मागितली की कपाळाला आठी का?

‘आमचं जीएसटी नाही, त्यामुळे पावती मिळणार नाही.’ फ्रिज दुरुस्त करणाऱ्यापासून शिकवणी घेणाऱ्यापर्यंत अनेकांच्या तोंडी हे उत्तर बसलेलं असतं. त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर टॅक्स इन्व्हॉइस देता येत नाही आणि ग्राहकाकडून कर घेता येत नाही. पण पैसे मिळाल्याची साधी पावती द्यायला कोणाचीच आडकाठी नाही. उलट 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल किंवा पावती न देणं अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलं आहे.

‘पावती हवी तर अठरा टक्के वर पडतील’ हे तर त्याहून गमतीचं. नोंदणी नसलेल्याने असं म्हटलं, तर ते अठरा टक्के सरकारचे नव्हेत, त्याच्या गल्ल्यातले. नोंदणी असलेल्याला कर भरायचाच असतो, पावती फाडो वा न फाडो. ग्राहकाने मागणी केली नाही, तर 200 रुपयांच्या आतल्या कामासाठी प्रत्येकाला वेगळं बिल देण्यातून मात्र त्याला सूट आहे. दिवसाअखेर सगळ्यांचं एकत्र बिल करून ठेवलं की झालं.

रेव्हेन्यू स्टँपबद्दलही लोक उगाच घाबरतात. एक रुपयाचं तिकीट लागतं ते 5000 रुपयांवरच्या पावतीला. ते नसलं म्हणून पावती रद्दी होत नाही. देणाऱ्याविरुद्ध ती पुरावा म्हणून दाखल करायची, तर एक रुपया दंड भरून ती ग्राह्य धरावी, अशी सोय 1899च्या मुद्रांक कायद्यातच आहे. एक रुपया! विनातिकीट पावती देऊन हात झटकता येतील असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता सगळ्यात पसरलेला समज: ‘यूपीआय केलंय ना, स्क्रीनशॉट आहे, मग पावती कशाला?’ स्क्रीनशॉट फार तर पैसे गेले एवढं सांगतो. कशासाठी गेले, ते नाही. वॉशिंग मशीनसाठी 1500 रुपये दिले. ते ॲडव्हान्स होते की पूर्ण रक्कम? मोटर नवी टाकली की जुनीच गुंडाळून दिली? पार्टची गॅरंटी किती महिन्यांची? भांडण होतं ते या प्रश्नांवर, आणि तेव्हा कागद नसला की दुकानदारही तितकाच अडकतो. ‘तुम्ही गॅस भरून देतो म्हणाला होतात’ असं ग्राहकाने ठणकावलं, तर त्याच्याकडे दाखवायला काय असतं? शिवाय बनावट स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही आहेत. खात्यात पैसे आल्याचं पाहूनच पावती फाडावी.

छापील बिलबुकच हवं असंही नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफही चालते. इलेक्ट्रॉनिक नोंदींना माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 सालापासून मान्यता आहे. कागद असो वा मोबाईल, त्यावर दुकानाचं नाव-पत्ता, पावती क्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, केलेलं काम, रक्कम, बाकी असल्यास बाकी आणि सही असावी. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. तोवर तरी कार्बन कॉपी रद्दीत घालू नये.