आसाचे वजन

चाकणच्या रस्त्याने मालट्रक सारखे जातात. त्यांचे काट्यावर वजन होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण एकेका आसाचेही वजन करतात, हे मला मामांनी सांगितले. ते ट्रक चालवतात. आसाला ते एक्सल म्हणतात.

सहा टायरच्या ट्रकला पुढच्या आसावर 7 टन आणि मागच्यावर 11.5 टन, मिळून 18.5 टन चालते. हा नियम 2018 चा.

आता समजा, काट्यावर 18 टन भरले. मग ट्रक पास? नाही! आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची. ती 5.5 टन भरली, तर मागे 12.5 झाले, म्हणजे 1 टन जादा. मग माल पुढे सरकवायचा. बैलगाडीत मागे भार झाला की गाडी उलाळ होते ना, तसेच हे. ट्रकची पुढची चाके हलकी पडतात नि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. आपण शाळेला त्याच रस्त्याच्या कडेने येतो.

रस्ताही खचतो. अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. आसावरचा भार दुप्पट केला, तर नुकसान सुमारे सोळा पट!

2019 च्या कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, शिवाय दर जादा टनाला 2,000. वर माल उतरवायची हमालीही ट्रकवाल्याच्याच माथी.