संघ हरला की प्रशिक्षक जाणार? : वऱ्हाडातील क्रिकेटरसिकांच्या अटकळी आणि प्रशिक्षकबदलाचे वास्तव

बीजशब्द : प्रशिक्षकबदल, अफवा, क्रीडारसिक, विदर्भ क्रिकेट, रणजी करंडक, श्रेय व दोष

प्रस्तावना

क्रीडा हा आधुनिक समाजजीवनाचा अविभाज्य घटक मानला जातो. खेळाडू मैदानावर खेळतो, तर रसिक मैदानाबाहेर. रसिकांच्या या खेळात सर्वांत आवडता डाव कोणता असेल, तर तो प्रशिक्षकाच्या जाण्या-येण्याविषयी अटकळी बांधण्याचा होय. विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या बाद फेरीपूर्वीच गारद झाला, की अमरावतीच्या राजकमल चौकात काय किंवा अकोल्यातील एखाद्या चहाच्या टपरीवर काय, ‘कोच बदलते म्हणतात बा’ हे वाक्य कानी पडतेच. म्हणणारा कोण, त्याला सांगितले कोणी, याचा पत्ता लागत नाही. तरीही ऐकणारा ते पुढे नेतो.

या अटकळींना ‘रिकामटेकड्यांच्या गप्पा’ म्हणून बाजूला सारण्याकडे आपल्याकडील अभ्यासकांचा कल दिसतो. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. या गप्पांमागे माहितीचा अभाव, न्यायाची अपेक्षा आणि प्रदेशाची जुनी दुखणी एकत्र नांदत असतात. प्रशिक्षकबदलाची अटकळ कशी जन्मते, तिच्यात तथ्य किती असते आणि वऱ्हाडच्या संदर्भात तिचा अर्थ काय, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न सदर लेखात केला आहे.

अटकळ कोठून येते?

गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1947 साली अफवेच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एक सूत्र मांडले. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो : विषयाचे महत्त्व आणि त्याविषयीची संदिग्धता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवाही शून्य होते. पुढे 1966 मध्ये तामोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाने अफवेकडे अधिक सहानुभूतीने पाहिले. अधिकृत बातमी मिळत नाही तेव्हा लोक मिळून जी बातमी ‘रचतात’ ती अफवा, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजेच अफवा हा केवळ खोटेपणा नसून समजून घेण्याचा सामूहिक प्रयत्न असतो.

प्रशिक्षकाच्या बाबतीत ही दोन्ही अंगे भरपूर आहेत. महत्त्व तर उघडच आहे. संदिग्धता निर्माण होते ती नेमणुकीच्या पद्धतीमुळे. राज्य संघटनांचे प्रशिक्षक बहुधा हंगामापुरत्या किंवा थोड्या वर्षांच्या कराराने नेमले जातात. निर्णय बंद दाराआड होतो आणि त्याची कारणे क्वचितच जाहीर केली जातात. मार्च महिन्यात हंगाम संपला की पुढचे नाव जाहीर होईपर्यंत जी पोकळी राहते, तिच्यात रसिक चिन्हे वाचू लागतो. सरावाच्या छायाचित्रात प्रशिक्षक का नाही? अमुक खेळाडू दुसऱ्या राज्याकडून का खेळू लागला? पत्रकारांच्या प्रश्नाला ‘योग्य वेळी कळवू’ असे उत्तर का मिळाले? अशा स्थलांतराची किंवा मौनाची अनेक साधी कारणे असू शकतात. परंतु अटकळीला साधे कारण रुचत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये या वृत्तीने टोक गाठले आहे. तेथे विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक हा अनेकदा त्या राज्यातील सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक नोकर असतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना मुदतीपूर्वी दूर केले, तेव्हा कराराप्रमाणे त्यांना सुमारे 7.5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर बंधनकारक ठरले. अलाबामाचे निक सेबन 10 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाले आणि दोनच दिवसांत वॉशिंग्टन विद्यापीठातील केलन डीबोअर यांचे नाव निश्चित झाले. अशा वेळी तेथील रसिक विद्यापीठाशी संबंधित खासगी विमाने कोठून उडाली व कोठे उतरली यावर पाळत ठेवून नव्या प्रशिक्षकाचे नाव ताडतात. आपल्याकडील टपरीवरचा रसिक आणि विमानांवर लक्ष ठेवणारा हा रसिक यांच्यात साधनांचा फरक आहे, वृत्तीचा नाही.

आपल्या महाविद्यालयांत मात्र शांतता

येथे एक प्रश्न ओघानेच येतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दरवर्षी होतात. मग एखाद्या महाविद्यालयाच्या संघाचा प्रशिक्षक बदलणार, अशी अफवा आपण कधी ऐकतो काय? नाही. कारण आपल्याकडे ही जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकाकडे असते. ते पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पात्रता पाहून भरले जाते आणि कायम असते. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला तरी संचालक दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करतोच. संदिग्धता नाही. आणि खरे सांगायचे तर महत्त्वही नाही, कारण प्रेक्षकच नसतात. ऑलपोर्ट-पोस्टमन यांच्या गुणाकाराची दोन्ही पदे येथे शून्यवत आहेत. या शांततेत समाधान मानावे की खंत, हे वाचकाने ठरवावे.

विदर्भाचा अनुभव

विदर्भाचा संघ 1957-58 च्या हंगामापासून रणजी करंडकात खेळत आहे. पहिले अजिंक्यपद मिळण्यास मात्र सहा दशके लागली. त्या यशाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते चंद्रकांत पंडित हे स्वतःच प्रशिक्षकबदलाचे अपत्य होते, ही बाब लक्षणीय आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2015-16 मध्ये रणजी करंडक जिंकला आणि 2016-17 मध्ये अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभव पत्करला. एक विजेतेपद व एक उपविजेतेपद मिळवूनही मुंबईने त्यांना पुढे ठेवले नाही. 2017 मध्ये ते विदर्भाकडे आले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या 5 धावांनी विजय आणि 1 जानेवारी 2018 रोजी इंदूर येथे दिल्लीवर 9 गडी राखून विजय. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात त्रिक्रम साधला, अक्षय वाडकरने शतक झळकावले आणि मूळचा अकोल्याचा आदित्य ठाकरे याने थेट अंतिम सामन्यातच रणजी पदार्पण केले. फेब्रुवारी 2019 मध्ये जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला 78 धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने 11 बळी घेतले.

या यशाचे जवळजवळ सर्व श्रेय लोकमानसाने पंडितांच्या शिस्तीला दिले. ते पूर्णतः चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. वसीम जाफर त्यांच्या आधीच, 2015-16 मध्ये विदर्भाकडे आले होते. कर्णधार फैज फजल विदर्भाच्याच मातीत वाढला होता. गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांनी वेगवान गोलंदाजांवर घेतलेली मेहनत होती आणि जामठ्याचे अद्ययावत मैदान 2008 पासून उपलब्ध होते. रोप अगोदर लावलेले असते. फळ तोडताना जो उभा असतो त्याचेच छायाचित्र निघते.

2019-20 मध्ये विदर्भ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही आणि 2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. ‘आता संपले’ ही त्या वेळची वऱ्हाडातील सार्वत्रिक भावना प्रस्तुत लेखकास आठवते. जून 2022 मध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरू येथे मुंबईला नमवून पहिला रणजी करंडक पटकावला, तेव्हा ती भावना अधिकच दृढ झाली. पण काळाने वेगळेच उत्तर दिले. विदर्भाचाच माजी खेळाडू उस्मान घनी यांच्या प्रशिक्षणाखाली संघ 2023-24 मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हरला. 538 धावांचे अशक्यप्राय लक्ष्य असताना संघाने 368 पर्यंत मजल मारली होती. पराभवानंतर प्रशिक्षक बदलण्याचा मोह संघटनेने टाळला. पुढील हंगामात, मार्च 2025 मध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्याच हंगामात हर्ष दुबेने 69 बळींचा रणजी विक्रम केला. त्यानंतरचा इराणी करंडकही विदर्भाने जिंकला आणि त्या सामन्यात शतक ठोकणारा अथर्व तायडे हा अकोल्याचा होता.

बदलाने खरोखर फरक पडतो काय?

या विषयावर परदेशात बरेच संशोधन झाले आहे. विल्यम गॅमसन व नॉर्मन स्कॉच यांनी 1964 मध्ये अमेरिकन बेसबॉलचा विचार करताना प्रशिक्षकाची हकालपट्टी हा एक प्रकारचा ‘बळी देण्याचा विधी’ असल्याचे मत मांडले. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, म्हणून एक माणूस बदलावयाचा आणि रसिकांचा रोष शांत करावयाचा. बास तेर वील यांनी डच फुटबॉलच्या 1986 ते 2004 या काळाचा अभ्यास केला (2011). घसरणीनंतर प्रशिक्षक बदललेले संघ सावरतात, हे खरे. पण तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेले संघही सावरतातच, असे त्यात आढळले.

यामागील कारण साधे आहे. सलग पाच सामने हरणाऱ्या संघाच्या वाट्याला दोषांबरोबर थोडे दुर्दैवही आलेले असते : हरलेली नाणेफेक, सुटलेला झेल, ऐनवेळी झालेली दुखापत. दुर्दैव कायम टिकत नाही, त्यामुळे पुढची कामगिरी सरासरीकडे परतते. नेमका त्याच सुमारास नवा प्रशिक्षक आलेला असतो, म्हणून श्रेय त्याला मिळते. पाऊस पडायच्या बेतात असताना धोंडी काढली, तर पावसाचे श्रेय धोंडीला मिळावे, तसाच हा प्रकार होय.

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलविषयीचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अॅडलर, बेरी व डोहर्टी या तिघा राज्यशास्त्रज्ञांचा हा अभ्यास येथे विशेष उपयुक्त आहे. अगदी वाईट खेळणाऱ्या संघांत प्रशिक्षक बदलल्याने फारसा फरक पडत नाही आणि मध्यम कामगिरीच्या संघांत तर बदलानंतर स्थिती अधिक बिघडते, असे त्यांना दिसून आले. 2024 च्या पराभवानंतर विदर्भाने दाखवलेला संयम या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. अर्थात एका संघाच्या एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे सांगणे प्राप्त आहे.

श्रेय एकाचे, दोष दुसऱ्याचा

रसिकांच्या अटकळींत न्याय नेहमीच असतो असे नाही. 2024 मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकले तेव्हा मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडितच होते. तथापि जयघोष झाला तो मार्गदर्शक गौतम गंभीर यांचा. त्याच वर्षी जुलैत गंभीर भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मग न्यूझीलंडने 2024 मध्ये 3-0 आणि दक्षिण आफ्रिकेने 2025 मध्ये 2-0 अशी मायदेशात धूळ चारली, तेव्हा तेच रसिक त्यांच्या जाण्याची तारीख सांगू लागले. इकडे कोलकात्याची 2025 मध्ये आठव्या क्रमांकावर घसरण झाल्यावर पंडितांनाही निरोप मिळाला.

कधीकधी प्रादेशिक अस्मिताही यात शिरते. 2005 मध्ये ग्रेग चॅपेल यांच्या कारकिर्दीत सौरव गांगुली संघाबाहेर गेल्यावर ईडन गार्डन्सवरील प्रेक्षकांनी चक्क दक्षिण आफ्रिकेला प्रोत्साहन दिले होते. प्रशिक्षकाविरुद्धचा राग स्वतःच्याच संघावर निघाला.

वऱ्हाडची बाजू

वऱ्हाडातील रसिकाची अटकळ नागपूरच्या रसिकापेक्षा वेगळी असते, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. नागपूरकर विचारतो, ‘नवा कोच जिंकून देईल काय?’ अकोलेकर किंवा अमरावतीकर विचारतो, ‘नवा कोच आपल्या पोरांकडे पाहील काय?’ अमरावतीहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर, तर अकोल्याहून सुमारे 250. निर्णयाचे केंद्र दूर असल्याची वऱ्हाडची भावना क्रिकेटपेक्षा जुनी आहे. 1947 च्या अकोला कराराच्या वेळीही प्रश्न हाच होता की निर्णय कोठे होणार आणि त्यात आपला वाटा किती. वास्तविक संघनिवडीचा अधिकार निवड समितीचा असतो, प्रशिक्षकाचा नव्हे. परंतु समितीची नावे कोणास ठाऊक नसतात आणि प्रशिक्षकाचा चेहरा सर्वांस ठाऊक असतो. म्हणून आशा व राग दोन्ही त्याच्याच नावावर जमा होतात. अथर्व तायडे, आदित्य ठाकरे आणि अमरावतीचा जितेश शर्मा यांनी ही तक्रार काही अंशी तरी खोडून काढली आहे.

या चर्चेत ज्यांचे नाव कधीच येत नाही, असाही एक वर्ग आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावती हे शारीरिक शिक्षणाचे मोठे केंद्र बनले. अशा संस्थांतून पदवी घेतलेले अनेक तरुण वऱ्हाडातील शाळा, महाविद्यालये व खासगी मैदानांवर मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर प्रशिक्षण देतात. उद्याच्या रणजीपटूची बॅट धरण्याची पहिली पद्धत यांच्याच हाताखाली ठरते. त्यांचा करार बहुधा शैक्षणिक वर्षाबरोबर, एप्रिलच्या सुमारास संपतो. जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही, याची अटकळ ते स्वतःच आणि एकट्यानेच बांधत असतात. मैदानावरची मुले तेवढी विचारतात, ‘सर, पुढच्या वर्षी तुम्हीच राहणार ना?’