कवळीखालचं तोंड

‘वीस वर्षं हीच कवळी वापरतोय, कसलाही त्रास नाही,’ असं मोठ्या तोऱ्यात सांगणारे आजोबा बहुतेक घरांत असतात. दातांच्या डॉक्टरांनी ज्यांचं तोंड आधी तपासावं, ते हेच. कारण तोंड किरकोळ कुरबुरींवर आकांत करतं आणि मोठ्या नुकसानीबद्दल चकार शब्द काढत नाही.

नवी कवळी आली की पहिल्या दिवसांतच कुठेतरी कड लागते, व्रण पडतो, घास नकोसा होतो. कड घासून घेतली की जखम थोड्या दिवसांत भरते. (दोन आठवड्यांनीही भरली नाही, तर कवळीला दोष देत बसू नये, तपासणी करून घ्यावी. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्कीच.)

खरी पडझड हाडात चालते. दात असताना चावण्याचा भार मुळांभोवतीच्या तंतूंमधून जातो आणि हाडाला ओढ बसते. दात गेले की तोच भार हिरडीवरून थेट दाब होऊन हाडावर येतो, आणि सततच्या दाबाखाली हाड झिजतं. जागेचा हिशेबही प्रतिकूल आहे. एका जबड्यातल्या सगळ्या दातांना मुळांभोवती सुमारे 45 चौरस सेंटिमीटर आधार असतो. वरच्या कवळीला टेकायला साधारण 23 मिळतात, खालचीला जेमतेम 12. त्यात खाली जिभेची ढकलाढकल. अँट्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचे जबडे 25 वर्षांपर्यंत मोजत राहून 1972 साली निष्कर्ष मांडला: खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट. पहिल्या वर्षी ती सर्वात वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. म्हणजे ‘कवळी सैल झाली’ या तक्रारीत बिघडलेली असते ती बहुधा कवळी नव्हे. तिच्याखालचा जबडा उतरलेला असतो.

सैल कवळीची कड गालाच्या आतल्या खाचेत घासत राहिली की तिथे मांसाच्या घड्या वाढतात. त्या दुखत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात. जुनाट झाल्या की कापूनच काढाव्या लागतात.

टाळूची गोष्ट वेगळी. वरच्या कवळीखाली लाळेचा प्रवाह पोचत नाही, आणि अ‍ॅक्रिलिकच्या बारीक छिद्रांत कॅन्डिडा ही बुरशी सुखाने नांदते. टाळू कवळीच्या आकारात लाल होतो, कधी दाणेदार. कवळी घालूनच झोपणाऱ्यांत हे जास्त दिसतं, मधुमेहात आणखी. बुरशीवरचं औषध टाळूला लावलं आणि कवळी तशीच मळकट ठेवली, तर दुखणं परत येणारच. बुरशीचं घर कवळीत आहे. म्हणून ती रोज ब्रशने घासावी आणि रात्री काढून पाण्यात ठेवावी. चारचौघांत बोळकं दिसेल या संकोचापायी रात्रंदिवस कवळी घालणारे मी पाहिले आहेत. घरच्यांनी त्यांची थट्टा थांबवली तरी पुष्कळ होईल.

2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खालच्या बोळक्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी ही पहिली निवड असावी. आपल्याकडे सत्तरीच्या माणसावर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न पुढे येतो. निदान बदललेल्या जबड्याप्रमाणे जुन्या कवळीला आतून नवं अस्तर तरी भरून मिळतं, तेही नव्या कवळीपेक्षा कमी पैशांत. पण ते मागायला कुणी येत नाही, कारण दुखत काहीच नसतं.