दारू तितकीच, जागा कमी

दिवाळीच्या रात्री अपघात विभागात भाजलेले हात आणि जखमी डोळे येतात. लालबाग-परळच्या चाळींतला मुलांचा जुना खेळ म्हणजे सुतळी बॉम्बवर पत्र्याचा डबा उपडा घालणं. उघड्यावर फुटला तर आवाज होतो, डब्याखाली फुटला तर पत्र्याचे तुकडे होऊन उडतात. दारू (फटाक्यातली म्हणतोय) तितकीच असते, तिला जागा किती मिळाली एवढाच फरक.

हाच हिशेब बंदुकीच्या काडतुसात मिलिमीटरमध्ये चालतो. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही रायफलची काडतुसं बनतात. पितळी नळकांड्यात दारू भरून तोंडाशी गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवतात. लष्करी 7.62 मिलिमीटर काडतुसात दारू असते जेमतेम तीन ग्रॅम, पण ती पेटली की आतला दाब साधारण चार हजार वातावरणांपर्यंत जातो. रक्तदाबाच्या यंत्राच्या भाषेत सांगायचं तर जिथे आपण 120 वाचतो, तिथे तीस लाखांच्या वर!

गोळी जरा जास्त आत गेली, तर गोळीमागची जागा आटते. ही दारू स्फोटकासारखी एकदम फुटत नाही, ती जळते. आणि दाब जितका जास्त तितकी भराभर जळते. म्हणजे वाढलेला दाब स्वतःलाच आणखी वाढवतो. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या छोट्या काडतुसात गोळी एक मिलिमीटर आत सरकली, तरी मोकळी जागा दहा टक्क्यांहून अधिक कमी होते. रायफलच्या मोठ्या नळकांड्यात तीच घट एक-दीड टक्का.

रायफलीत त्यामुळे उलटीच गंमत दिसते. तिथे गोळी थोडी आत बसवली, तर बहुधा दाब उतरतो. कारण नळीतले पिळाचे कंगोरे गोळीच्या पुढे काही अंतरावर सुरू होतात. गोळी आधीच त्यांना टेकलेली असेल, तर तिला हलायला सुरुवातीलाच जोर लागतो आणि तोवर मागे दाब साचतो. थोडं अंतर असेल, तर ती सुटून वेग घेते आणि मग कंगोऱ्यांत शिरते. फारच आत बसवली, की मात्र पुन्हा आटलेल्या जागेचा हिशेब वरचढ ठरतो.

पहारेकऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पिस्तूल रोज भरताना आणि रिकामं करताना तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं, की प्रत्येक धक्क्याला गोळी किंचित आत सरकू शकते. शेजारच्या नव्या काडतुसापेक्षा ते आखूड दिसलं, तर झाडू नये, शस्त्रागारात परत द्यावं. दाब हद्दीबाहेर गेला, तर पितळ फाटून गरम वायू आणि बारीक कण मागे येतात. नेमबाजांचा चष्मा उगाच नसतो.

कण पत्र्याचा असो वा पितळेचा, डोळ्यात घुसला तर चोळू नका, ओढून काढू नका, घट्ट पट्टी बांधू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर दाब न येईल असा झाकणासारखा चिकटवा आणि थेट इस्पितळात या. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. बहुतेकदा भूल द्यावी लागते.