आठवणी बदलतात, नाते नाही

घरातले माणूस अल्लाहला प्यारे झाले की सुरुवातीला डोळ्यांपुढे त्याचे आजारपणच उभे राहते. दवाखान्यातली खाट, अडखळलेले शब्द, मग जनाजा. वर्ष-दोन वर्षांत हे चित्र मागे सरते. अब्बांचे फजरच्या वेळचे खाकरणे, ईदच्या सकाळी शीरखुर्मा ढवळणारी अम्मी, अशा जुन्या गोष्टी वर येतात. एके दिवशी त्यांची आठवण काढून आपण हसतो, आणि लगेच मन खाते: आपण त्यांना विसरत तर नाही?

हा विसर नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की आठवण कपाटातल्या फोटोसारखी जशीच्या तशी राहत नाही. आठवताना मन ती पुन्हा रचते. म्हणूनच एकाच प्रसंगाची दोन भावंडांची हकिकत जुळत नाही, आणि खोटे मात्र कोणीच बोलत नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात पाहा. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनाचे वर्ष 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. पुढे बद्रच्या लढाईत जावई अबुल आस कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी लेक जैनब (रजि.) यांनी आईने लग्नात दिलेला हार पाठवला. तो पाहून प्रेषित (स.) गहिवरले. सहाबांच्या संमतीने कैदी सुटला, हारही परत गेला. बकरी जबह झाली की ते खदीजांच्या मैत्रिणींकडे मांस पाठवत. दुःख पुसले गेले नव्हते. त्याचे रूप देण्यात उतरले होते.

आपल्या घरातही हे करता येते. दादीजान तीच गोष्ट पाचव्यांदा सांगू लागल्या तर 'हे ऐकलंय' म्हणून त्यांना तोडू नये. त्यांना त्यातून आधार मिळतो, आणि नातवंडांना न पाहिलेले दादाजान भेटतात. तपशील इकडचा तिकडे झाला तरी वाद घालू नये.

मात्र देण्याघेण्याचा हिशेब आठवणीवर सोडू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत सांगितले आहे. मय्यतीचे कर्ज आणि वारसांचे हिस्से कागदावर असले, तर माणसाची आठवण भांडणात मळत नाही. ती दुआसाठी मोकळी राहते.