आपले अग्निजन्य डोंगर

ज्वालामुखी म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो धूर ओकणारा, शंकूसारखा पर्वत. तसा पर्वत खानदेशात शोधूनही सापडणार नाही. तरीही तापीपलीकडचा सातपुडा, चाळीसगावकडची अजिंठ्याची रांग, धुळ्याजवळचा लळिंग हे सारे डोंगर लाव्हारसाचेच आहेत.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. त्यांतून आलेला लाव्हारस पातळ होता. तो एका जागी साचून शंकू न बनता दूरवर पसरला. अशा थरांवर थर बसत गेले. झीज होऊनही आज या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. आपल्याकडचे विहीर खणणारे हे थर नेमके ओळखतात : वर मुरूम, कुठे मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पुढे पावसाने आणि नद्यांनी थर कोरले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार झाले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात.

आता त्या भेगांचे काय झाले? त्यांत उरलेला लाव्हारस तिथेच गोठला. भोवतालचा खडक झिजला, पण पुष्कळ ठिकाणी हा टिकला आणि भिंतीसारखा उभा राहिला. धुळे-नंदुरबार भागात अशा दोनशेहून अधिक मोठ्या भिंती अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. त्यांतली एक साक्रीपासून धुळ्यावरून थेट आपल्या शेजारच्या पारोळ्यापर्यंत, सुमारे ७९ किलोमीटर जाते.

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवचे गरम पाणी पाहून अनेकांना वाटते, ज्वालामुखी अजून जिवंत आहे. तसे नाही. तो लाव्हारस केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी खोल मुरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि खडकातल्या भेगांवाटे वर येते.

श्रोतेहो, हे डोंगर पायी पाहावेत. पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात निघावे. पाटणादेवीचे रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. तिथे वनखात्याचे नियम पाळावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पायऱ्यांचा डोंगर खालून सोपा दिसतो, पण उतरताना वाट चुकली तर माणूस दोन कड्यांच्या मधल्या पट्टीवर अडकतो. अशा वेळी खाली उडी टाकू नये. आलेल्या वाटेने वर परतावे. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा, पाणी भरपूर न्यावे. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर धूर आणि आरडाओरडा टाळावा.

शेवटी त्या भिंतींविषयी. त्यांचा दगड खडीसाठी फोडला जातो. पण जमिनीखाली हीच भिंत पुष्कळदा बंधाऱ्याचे काम करते आणि तिच्या चढाकडच्या विहिरींत पाणी टिकून राहते. दगड सांध्यांनी फुटलेला असेल, तर तीच पाण्याची वाटही होते. गावाजवळ अशी भिंत असेल तर तिच्या दोन्ही अंगांच्या विहिरी उन्हाळ्यात पाहून या. खाणीचा विषय ग्रामसभेत आला, तर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला मागा. एकदा फोडलेली भिंत कोणालाही पुन्हा बांधता येणार नाही.